मुळांतून वाढणारे ओक आणि मुळांतून पसरणारा मर रोग

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्यभागी, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो या शहरांच्या पश्चिमेला, चुनखडीच्या खडकाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला एडवर्ड्स पठार असे नाव आहे आणि ओढ्यानाल्यांनी कापून काढलेल्या त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ कडेला तेथील लोक ‘हिल कंट्री’ म्हणतात. या भागात मातीचा थर बहुतेक ठिकाणी उथळ आहे, पाऊस लहरी आहे, उन्हाळा कडक असतो, आणि तरीही तेथील भूदृश्याला सावली आणि आकार देणारा वृक्ष हा वर्षभर हिरवा राहणारा ओक आहे. थंडीत निष्पर्ण होणाऱ्या इतर ओकांच्या मानाने तो सदैव जिवंत दिसतो, म्हणून त्याला ‘लाइव्ह ओक’ म्हणतात. जुनी पाने तो वसंतात, नवी पालवी फुटत असतानाच टाकतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या दोन निकटच्या जाती मानतात. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतच्या किनारी प्रदेशात वाढणारी ती क्वेर्कस व्हर्जिनियाना आणि पठारावरच्या कोरड्या खडकाळ जमिनीत तग धरणारी ती क्वेर्कस फ्युसिफॉर्मिस, आणि जिथे या दोघींच्या सीमा मिळतात तिथे त्यांचा मुक्तपणे संकर झालेला आढळतो.

या पठारावर लाइव्ह ओक एकेकटा क्वचित दिसतो. गवताळ माळावर मध्येच दहा, वीस, कधी त्याहून अधिक खोडांचा दाट पुंजका उभा असतो आणि अशा पुंजक्याला टेक्सासमध्ये ‘मॉट’ हा शब्द रूढ आहे. पुष्कळदा ही सगळी खोडे एकाच बीजातून आलेली असतात. मूळ झाडाची मुळे जमिनीलगत आडवी पसरतात, त्यांच्यावर सुप्त किंवा नव्याने निर्माण होणारे डोळे असतात, आणि वणवा, तोड, चराई किंवा दुष्काळ यांपैकी काहीही वरच्या झाडावर कोसळले की त्या डोळ्यांतून कोंब फुटून जमिनीबाहेर येतात. हेच मूळफुटवे. वर्षानुवर्षे त्यांची खोडे होतात, त्या खोडांची मुळे पुन्हा फुटवे देतात, आणि अशा रीतीने जनुकीय दृष्ट्या एकच असलेली वृक्षव्यक्ती, म्हणजे एकच क्लोन, अनेक खोडांनिशी मोठी जागा व्यापून राहते. याशिवाय शेजारच्या, वेगळ्या बीजातून आलेल्या झाडांची मुळेही जमिनीखाली एकमेकांना घासून, दाबून अखेर जोडली जातात, माळ्याने बांधलेले कलम जुळावे तशी. त्यामुळे वर पाहणाऱ्याला शंभर झाडे दिसत असली तरी खाली पाण्याच्या आणि अन्नाच्या वाहिन्यांचे एकच सलग जाळे असू शकते. दुष्काळात आणि वणव्यानंतर या जाळ्याने लाइव्ह ओकला तारले आहे. वरचे सर्व जळाले तरी खालचा साठा शाबूत राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुंजका पुन्हा उभा राहतो.

अशा झाडाची अभिवृद्धी, म्हणजे त्याच्यापासून नवी रोपे तयार करणे, फुटव्यांवरूनच करावी असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे, कारण बाकीचे दोन्ही मार्ग अडचणीचे आहेत. पहिला मार्ग बियांचा. ओकचे फळ, टोपीत बसवलेल्या गुळगुळीत कवचाचे, शरद ऋतूत पडते आणि लाइव्ह ओकच्या बाबतीत ते पडल्यापडल्याच अंकुरू लागते. ते सुकवून साठवता येत नाही, कारण आतला ओलावा एका मर्यादेखाली गेला की गर्भ मरतो. त्यातून उगवलेले रोप प्रत्येक वेळी वेगळे निघते, कारण ओकमध्ये परपरागण होते आणि वाऱ्यावरून आलेला पराग कोणत्या झाडाचा होता हे सांगता येत नाही. दुसरा मार्ग छाट कलमाचा, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रोवून त्याला मुळे फुटू देण्याचा. इथे ओकचे वय आडवे येते. झाड प्रौढ होऊन फळू लागले की त्याच्या शेंड्याकडच्या फांद्यांतील पेशी मुळे निर्माण करण्याची क्षमता जवळजवळ गमावतात, मग इंडोल ब्युटिरिक आम्लासारखे मुळे फुटवणारे संप्रेरक कितीही वापरले तरी छाट बहुधा सुकून जाते.

मात्र झाडाचा प्रत्येक भाग सारखाच प्रौढ नसतो. बुंध्याजवळचा आणि मुळांवरचा भाग शारीरिक दृष्ट्या बाल्यावस्थेतच राहतो. त्यामुळे शतकानुशतके जुन्या ओकच्या मुळावर काल फुटलेला कोंब हा पेशींच्या हिशेबाने रोपट्याइतकाच तरुण असतो आणि त्याची पाने कधीकधी रोपट्यासारखी काटेरी कडांची असतात. याच गुणाचा आधार घेऊन टेक्सासमधील उद्यानविद्या संशोधकांनी १९८० च्या दशकात लाइव्ह ओकच्या मूळफुटव्यांपासून छाट कलमे करण्याचे आणि मातृवृक्ष वारंवार छाटून त्याचे ‘बालपण’ टिकवून धरण्याचे प्रयोग केले. आज अमेरिकेच्या दक्षिण भागात रस्त्याकडेला लावण्यासाठी ‘हायराइज’, ‘कॅथीड्रल’ अशा निवडक लाइव्ह ओकांची कलमे विकली जातात, तीही छाटांवरूनच केलेली असतात. घरगुती पद्धत याहून साधी आहे: अंगणातल्या ओकभोवती उगवलेला एखादा जोमदार फुटवा हेरून त्याच्या दोन्ही बाजूंना मातृमूळ कुदळीने तोडायचे, एक हंगाम थांबायचे म्हणजे फुटवा स्वतःची तंतुमुळे काढतो, आणि मग थंडीत तो मुळाच्या तुकड्यासह उचलायचा. यश कमीच येते, कारण बहुतेक फुटव्यांना स्वतःची मुळे नसतात आणि ते आईच्याच मुळावर जगत असतात. तरीही ही पद्धत लोक सोडत नाहीत.

त्यामागची ओढ समजून घेण्यासारखी आहे. ऑस्टिन शहरात ‘ट्रीटी ओक’ नावाचा, अंदाजे ५०० वर्षांचा एक लाइव्ह ओक आहे. एकेकाळच्या चौदा ओकांच्या राईतला तो शेवटचा उरलेला वृक्ष. शहराने १९३७ मध्ये एक हजार डॉलर देऊन त्याची जागा विकत घेतली. १९८९ मध्ये एका माणसाने त्याच्या बुंध्याशी हेक्साझिनोन हे मुळांवाटे शोषले जाणारे तणनाशक ओतले. झाड वाचवण्यासाठी विषारी माती उपसून काढण्यात आली, सावलीचे पडदे उभारले गेले, झऱ्याच्या पाण्याचे तुषार उडवण्यात आले, देशभरातून शुभेच्छांची पत्रे आली, आणि एवढे करूनही वृक्षाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मेला. उरलेल्या भागाने १९९७ मध्ये पुन्हा फळे धरली तेव्हा ती गोळा करून रोपे तयार करण्यात आली आणि ती टेक्सासभर व बाहेरही वाटली गेली. जे झाड गावाच्या आठवणीचा भाग झालेले असते त्याचा अंश नव्हे, तर तेच झाड पुढे चालू राहावे असे माणसाला वाटते, आणि मूळफुटवा नेमके तेच देऊ करतो. बीज संतती देते, फुटवा मात्र साक्षात तोच वृक्ष असतो.

सरकारी पातळीवर लाइव्ह ओकच्या लागवडीचा विचार याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीच झाला होता, पण तो भावनेपोटी नव्हता, नौदलाच्या गरजेपोटी होता. १७९७ मध्ये जलावतरण झालेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या सांगाड्यात लाइव्ह ओकचे लाकूड वापरले होते, आणि असे वाकडे, जड, चिवट लाकूड संपू नये म्हणून अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या कारकिर्दीत फ्लोरिडातील पेन्साकोलाजवळ एक ओकवन राखीव ठेवले गेले. तेथे हेन्री ब्रॅकनरिज यांनी ओकच्या लागवडीचे प्रयोग केले. पुढे लोखंडी जहाजे आली आणि तो विषय मागे पडला.

फुटव्यांवरून झाड वाढवण्यातली खरी अडचण आहे ती रोगाची. ओकचा मर रोग ब्रेट्झिएला फॅगेसिएरम या बुरशीमुळे होतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९४० च्या दशकात ती ओळखली गेली आणि १९६१ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे तिची खात्रीशीर नोंद झाली, जरी टेक्सासमधील लाइव्ह ओक अज्ञात कारणाने मरत असल्याच्या नोंदी त्यापूर्वी काही दशकांपासून होत होत्या. ही बुरशी उत्तर अमेरिकेबाहेर अद्याप आढळलेली नाही. कॅनडात ती प्रथम २०२३ मध्ये, ओंटारियो प्रांतातील नायगारा फॉल्स येथे सापडली. झाडाच्या सालीखालच्या अगदी बाहेरच्या, जिवंत लाकडात पाणी वर नेणाऱ्या ज्या वाहिन्या असतात त्यांत ती वाढते. तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच्याच वाहिन्या फुग्यांसारख्या पेशींनी बुजवून टाकते, आणि परिणामी बुरशीपेक्षा झाडाच्या या बचावानेच पाण्याचा पुरवठा तुटतो. लाइव्ह ओकच्या पानांवर आधी शिरा पिवळ्या आणि मग तपकिरी होतात, बाकीचे पान हिरवेच राहते, त्यामुळे माशाच्या सांगाड्यासारखी नक्षी उमटते. या खुणेवरून रोग पटकन ओळखता येतो. त्यानंतर एक ते सहा महिन्यांत बहुतेक झाडे मरतात. रोग पोहोचलेल्या पुंजक्यातील साधारण ८० ते ९० टक्के खोडे जातात.

रोगाच्या प्रसाराचे दोन मार्ग आहेत आणि फुटव्यांच्या प्रश्नात दोन्हींचा विचार करावा लागतो. लाल ओकांच्या गटातील झाडे, उदाहरणार्थ टेक्सासमधील स्पॅनिश ओक किंवा ब्लॅकजॅक ओक, या रोगाने काही आठवड्यांत मरतात, आणि त्यांच्या सालीखाली बुरशीचा जाड थर तयार होऊन त्याच्या दाबाने साल तडकते. त्या फटीतून आंबलेल्या फळासारखा वास येतो, त्या वासाने झाडांच्या रसावर जगणारे बारीक भुंगेरे जमतात, अंगाला बीजाणू लावून घेतात आणि नंतर दुसऱ्या एखाद्या ओकच्या ताज्या जखमेवर जाऊन बसतात. म्हणून टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते जून या काळात ओकची छाटणी करू नये आणि वर्षात कधीही केलेली जखम त्याच क्षणी रंगाने झाकावी असा नियम सांगितला जातो. लाइव्ह ओकवर असा थर तयार होत नाही. पण एकदा बुरशी त्याच्यात शिरली की दुसरा मार्ग खुला होतो. जमिनीखालच्या जोडलेल्या मुळांतून, सामाईक वाहिन्यांच्या त्या जाळ्यातून, ती एका खोडातून पुढच्या खोडात सरकते आणि वर्षाला सरासरी ७५ फूट, म्हणजे सुमारे तेवीस मीटर, या वेगाने सर्व दिशांना पसरते. काही ठिकाणी हा वेग दुप्पटही असतो. टेक्सासच्या सत्तरहून अधिक काउंट्यांत आज हा रोग आहे आणि त्याने लाखो झाडे मारली आहेत. ऑस्टिन, सॅन अँटोनियो आणि डॅलसच्या नव्या उपनगरांत घरांच्या पायासाठी खोदताना आणि तारांसाठी फांद्या तोडताना झालेल्या जखमांनी या प्रसाराला हातभार लावला आहे.

फुटवा उचलणाऱ्याला पहिला धोका असतो तो इथे, की तो झाडाची पाने पाहून झाड निरोगी ठरवतो. बुरशी मुळांत पोहोचल्यावर आणि पानांवर लक्षणे दिसण्यापूर्वी मध्ये काळ जातो, आणि त्या काळात मातृवृक्ष हिरवागार असतो, फुटवेही टवटवीत असतात. रोगग्रस्त पुंजक्याच्या कडेचा फुटवा उचलणे म्हणजे ज्या वाहिन्यांतून बुरशी प्रवास करते त्याच वाहिन्यांचा एक तुकडा उचलणे, कारण मूळफुटव्यासोबत मातृमुळाचा तुकडा येतोच, किंबहुना तो आला नाही तर फुटवा जगत नाही. बियांचे तसे नाही. या रोगाची बुरशी ओकच्या फळातून पुढच्या पिढीत जाते असा पुरावा नाही. दुसरा धोका अधिक फसवा आहे. रोगाने वरचा वृक्ष मेल्यानंतरही त्याची काही मुळे काही वर्षे जिवंत राहतात आणि भरपूर फुटवे देतात, आणि ज्या माणसाने डोळ्यांदेखत आपला ओक मरताना पाहिलेला असतो त्याला हे फुटवे म्हणजे वृक्षाने मिळवलेला विजय वाटतो. पण ते ज्या मुळांवर उभे असतात त्यांतच बुरशी असू शकते, त्यामुळे त्यांतले कित्येक थोडे वाढून पुन्हा वाळतात. तिसरा धोका खोदण्याचा: कुदळीने मूळ तोडणे ही स्वतःच एक ताजी जखम असते.

निदानही सोपे नाही. रोगी लाकडातून प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ती ओळखणे ही जुनी आणि विश्वासार्ह पद्धत, पण ही बुरशी उष्णता सोसत नाही, त्यामुळे टेक्सासच्या उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यातून ती वाढतच नाही आणि रोगी झाडाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. जनुकीय चाचण्यांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे, तरी फांदीचा नमुना स्वच्छ निघाला म्हणून मुळाचा तुकडाही स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही.

मुळांच्या फुटव्यांवर विसंबणाऱ्या झाडांचे काय होऊ शकते याचा सर्वांत मोठा धडा इंग्लंडच्या एल्म वृक्षाने दिला आहे. इंग्लिश एल्म बी जवळजवळ धरत नाही आणि मूळफुटव्यांवरूनच वाढवला जातो. २००४ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी जनुकीय तपासणीतून दाखवून दिले की इंग्लंडभरचे हे एल्म म्हणजे रोमन काळात द्राक्षवेलींना आधार म्हणून आणलेल्या एकाच झाडाचा, सुमारे दोन हजार वर्षे माणसाने फुटव्यांनी वाढवत नेलेला क्लोन आहे; इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला याने अशाच एल्मची शिफारस केलेली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एल्म मर रोगाची नवी, उग्र बुरशी ब्रिटनमध्ये आली तेव्हा एका झाडाला जी दुर्बलता होती ती सर्वांनाच होती, आणि अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. मुळे मात्र मेली नाहीत. आजही इंग्लंडमधल्या कुंपणांतून एल्मचे फुटवे दाट उगवतात, मनगटाएवढ्या जाडीचे होतात, त्यांची साल रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांना अंडी घालण्याइतकी जाड झाली की पुन्हा रोग येतो आणि ते पुन्हा मरतात. मोठा इंग्लिश एल्म पाहिलेली पिढी आता म्हातारी झाली आहे.

भारतात हा प्रश्न अनोळखी नाही. चंदनाचे झाड मूळफुटव्यांनी सहज वाढते, आणि कोडगू भागात १८९९ मध्ये प्रथम नोंदला गेलेला चंदनाचा स्पाइक रोग, ज्यात पाने बारीक होऊन काट्यांसारखी फांदीवर उभी राहतात, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणाऱ्या फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत चंदनाची लागवड वाढली आहे, आणि रोपे बियांची आहेत की रोगी भागातल्या फुटव्यांची, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने विचारायलाच हवा. जळगावच्या केळी उत्पादकाला तर तो शिकवावा लागत नाही, कारण मुनव्यांबरोबर, म्हणजे केळीच्या फुटव्यांबरोबर, पर्णगुच्छ रोग शेतात येतो हे त्याने अनुभवले आहे आणि ऊतीसंवर्धित रोपे त्या जिल्ह्यात वेगाने रुजली आहेत. अर्थात ऊतीसंवर्धनही मूळ ऊती तपासलेली असेल तेवढेच सुरक्षित असते, आणि ओकच्या प्रौढ ऊती प्रयोगशाळेत वाढवणे केळीइतके सोपे नाही.

टेक्सासमध्ये रोग रोखण्यासाठी १९८८ पासून राज्य आणि केंद्र यांच्या संयुक्त योजनेखाली जो मुख्य उपाय वापरला गेला तो मुळांचे नाते तोडण्याचाच आहे. लक्षणे दिसणाऱ्या शेवटच्या झाडापासून किमान शंभर फूट पुढे, निदान चार फूट खोल चर यंत्राने खणून त्यातली सर्व मुळे कापली जातात आणि मग चर पुन्हा बुजवला जातो. खडक फोडू शकणारी अवजड यंत्रे त्यासाठी लागतात आणि खर्च जमीनमालकाला जड जातो. चराबाहेरच्या मौल्यवान झाडांना प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक बुंध्याच्या उघड्या मुळांतून टोचले जाते. केळीवरच्या करप्यासाठी हेच औषध महाराष्ट्रातील शेतकरी फवारतात. ते प्रतिबंधासाठी उपयोगी आहे, पण झाडाच्या पानांना पोहोचलेले औषध त्याच्या सगळ्या मुळांना पोहोचतेच असे नाही, म्हणून टोचलेल्या झाडाचा वरचा भाग वाचला तरी त्याच्या मुळांतून रोग शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. टोचलेल्या झाडाचे फुटवे म्हणूनच अभिवृद्धीसाठी कधीही घेऊ नयेत. अंगणातले नको असलेले फुटवे तणनाशकाने मारू नयेत अशीही सूचना दिली जाते, कारण फुटव्यात शिरलेले विष त्याच जाळ्यातून मातृवृक्षात जाते.

मग वडिलोपार्जित ओक ज्याला जपायचा आहे त्याने काय करावे? रोगाच्या कोणत्याही केंद्रापासून दूर, इतर ओकांपासून मुळांनी तुटलेल्या एकाकी झाडाचा फुटवा घेण्यास फारशी हरकत नाही, आणि तोही मुळाच्या तुकड्यासह न घेता वरच्या कोवळ्या भागाची छाट कलमे करून, जखम रंगवून, भुंगेऱ्यांचा हंगाम टाळून घ्यावा. रोप दोन हंगाम वेगळे ठेवून मगच बागेत न्यावे. रोगग्रस्त भागात मात्र तेच झाड टिकवण्याचा हट्ट सोडून त्याच्या बियांकडे वळणे हाच विवेक आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील वनस्पतिरोगतज्ज्ञ डेव्हिड अपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगातून वाचलेल्या दहा-वीस टक्के झाडांचा अनेक वर्षे अभ्यास केला. ती झाडे योगायोगाने वाचली की त्यांच्यात काही सहनशक्ती आहे, हे त्यांच्या संततीला मुद्दाम बुरशी टोचून तपासले गेले आहे, आणि काही वंशांची सहनशक्ती इतरांहून अधिक असल्याचे संकेत मिळाले आहेत, जरी पूर्ण रोगप्रतिकारक ओक कोणाच्याही हाती अद्याप आलेला नाही. फुटव्याने वाढवलेल्या पुंजक्यात ही निवड घडू शकत नाही, कारण तिथे निवडायला दुसरे काही नसतेच. बियांतून आलेल्या शंभर रोपांत शंभर वेगवेगळे जनुकीय संच असतात.

बियांचा मार्ग धरला तर लाइव्ह ओक स्वतः बरीच मदत करतो. फळ अंकुरताच त्याचे बीजदलांचे देठ लांब होऊन कोवळ्या मुळाला खाली जमिनीत ढकलतात, आणि तेथे लगेच पिठूळ, फुगीर गड्डा तयार होतो, ज्याच्या बळावर रोप पहिला दुष्काळ काढते आणि शेंडा खाल्ला गेला तरी पुन्हा फुटते. पण पठारावर पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या इतकी वाढलेली आहे की ओकची रोपे गुडघ्याएवढी होण्यापूर्वीच खुडली जातात, आणि रोगाने मेलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे उभी राहत नाहीत. याचा फटका सोनेरी गालाच्या वॉर्ब्लरलाही बसतो. जगात केवळ टेक्सासमध्येच घरटी करणारा आणि १९९० पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित असलेला हा लहान पक्षी आपले घरटे जुन्या जुनिपरच्या सालीच्या पट्ट्यांनी विणतो, पण पिल्लांना भरवण्यासाठी लागणाऱ्या अळ्या त्याला मोठ्या प्रमाणात ओकवरच मिळतात. म्हणून वाचलेल्या ओकांची फळे शरदात पडताच गोळा करून, पाण्यात तरंगणारी किडकी फळे बाजूला काढून, उरलेली लगेच पेरावी लागतात, आणि प्रत्येक रोपाभोवती हरणाच्या तोंडाला पुरून उरेल एवढ्या उंचीची जाळी, रोपाचा शेंडा तिच्यावर निघेपर्यंत, कित्येक वर्षे उभी ठेवावी लागते.